जमिनीखाली काय दडलंय? न खोदता कसं कळतं?

(सामुदायिक रेडिओवरचं भाषण)

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

कधीकधी गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एक जीप येऊन थांबते. दोघं-तिघं उतरतात. डब्यासारखं एक यंत्र जमिनीवर नीट समतल करून ठेवतात, पाच-दहा मिनिटं त्यात डोकावतात, आकडे लिहून घेतात आणि निघून जातात. दोन-चार किलोमीटरवर जाऊन पुन्हा तेच. तोवर गावात चर्चा सुरू होते. एक म्हणते, पाणी बघायला आले. दुसरी म्हणते, जमिनीत काहीतरी सापडलंय. तिसरीच्या पोटात गोळा येतो, आता आपली जमीन जाणार की काय?

बऱ्याच वेळा यातलं काहीच नसतं. ती माणसं त्या जागी पृथ्वीची ओढ किती आहे ते मोजत असतात. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग यांनी देशभर अशी मोजणी केली, तिचे नकाशे छापले. त्या आकड्यांवरून जमिनीच्या पोटात पाच, दहा, चाळीस किलोमीटर खाली काय असेल याचा अंदाज बांधतात. तो कसा बांधतात, त्यावर किती भरवसा ठेवायचा आणि आपल्याला त्याचं काय, हे आज बोलू.

ओढ म्हणजे काय

हातातलं लाटणं सुटलं की खाली पडतं. पृथ्वी त्याला ओढते. आपण ज्याला वजन म्हणतो ते या ओढीचंच माप. आता गंमत अशी, की ही ओढ सगळीकडे अगदी सारखी नसते. पायाखाली जड दगड असला की ओढ किंचित जास्त, हलका गाळ असला की किंचित कमी.

जड आणि हलका म्हणजे किती? दहा लिटरच्या बादलीएवढा आपला काळा दगड घेतला तर तो साधारण २९ किलो भरेल. तेवढाच ग्रॅनाइट साडेसव्वीस किलोच्या आसपास. वाळूचा दगड २३-२४ किलो. नदीचा ओला गाळ साधारण २० किलो. आणि पृथ्वीच्या कवचाखाली जे प्रावरण आहे, त्याचा दगड ३३ किलो. म्हणजे सगळ्यात जड माल सगळ्यात खाली.

मग आपल्या तराजूनं हा फरक कळेल का? नाही. तराजूच्या एका पारड्यात मका आणि दुसऱ्यात वजनं. ओढ वाढली तर दोन्ही पारड्यांची वाढते, काटा जागचा हलत नाही. पण स्प्रिंगचा ताणकाटा असतो ना, रद्दीवाल्याकडे असतो तसा, त्याची स्प्रिंग ओढीप्रमाणे कमी-जास्त ताणली जाते. जीपमधलं ते यंत्र म्हणजे असाच एक फार नाजूक ताणकाटा. त्याला ग्रॅव्हिमीटर म्हणतात. किती नाजूक? एक क्विंटल मक्यात खसखशीचे दोन-तीन दाणे जास्त पडले तर ते ओळखावं, इतका.

या ओढीच्या मापाला गॅल म्हणतात, गॅलिलिओ या शास्त्रज्ञाच्या नावावरून. गॅलचा हजारावा भाग म्हणजे मिलिगॅल. आपल्या भाषेत, क्विंटलमागे एक दशांश ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण एक मिलिगॅल. जमिनीखालचे मोठमोठे फरकसुद्धा क्विंटलमागे ग्रॅम-दोन ग्रॅम, फार तर चार-पाच ग्रॅम एवढेच दिसतात. एवढ्याशा फरकातून पंचवीस-तीस किलोमीटर खालची गोष्ट ओळखायची!

आधी धडा करायचा

तूप मोजताना आपण आधी भांड्याचा धडा करतो. भांडं वजा केल्याशिवाय तूप किती ते कळत नाही. इथंही तसंच आहे.

पृथ्वीच्या मध्यापासून जितकं लांब जावं तितकी ओढ कमी होते. एक मीटर वर चढलं की क्विंटलभर मका साधारण ज्वारीच्या एका दाण्याएवढा हलका होतो. चाळीसगावहून कन्नडला आलं की आपण सुमारे तीनशे मीटर वर येतो. उंचीमुळे क्विंटलमागे नऊ ग्रॅम गेले. पण वर आलो तेव्हा पायाखाली तीनशे मीटर दगडही वाढला. त्याची ओढ साडेतीन ग्रॅम परत देते. चाळीसगाव कन्नडच्या उत्तरेला आहे. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि तिच्या फिरण्याचा परिणामही तिकडे कमी होतो, म्हणून उत्तरेला ओढ थोडी जास्त असते. त्यामुळे कन्नडला आणखी एखादा ग्रॅम कमी भरतो. सगळा हिशेब केला तर चाळीसगावचं एक क्विंटल कन्नडला सहा-सात ग्रॅमनं हलकं भरेल. व्यापाऱ्याशी भांडायला हे कामाचं नाही, पण शास्त्रज्ञाला विसरून चालत नाही.

म्हणून ते प्रत्येक जागेची उंची अगदी काटेकोर मोजतात. उंची, डोंगर, दऱ्या, उत्तर-दक्षिण, एवढंच काय, चंद्र-सूर्य आपल्याला वर ओढतात तेही, सगळं वजा करतात. दिवसभर काम करताना यंत्राची स्प्रिंगही थोडी सैलावते, म्हणून पुन्हा पुन्हा पहिल्या जागी येऊन आकडा पडताळतात. हा सगळा धडा झाल्यावर जे शिल्लक राहतं, ते जमिनीच्या पोटातलं.

खचदरी म्हणजे काय

कन्नडच्या घाटाच्या माथ्यावर उभं राहा. आपल्या मागच्या अंगाला पडलेला पाऊस शिवना नदीतून गोदावरीला मिळतो आणि पार बंगालच्या उपसागराला जातो. पुढच्या अंगाला पडलेला पाऊस तितूर, गिरणा करत तापीला मिळतो आणि अरबी समुद्राला जातो. गोदावरी, भीमा, कृष्णा सगळ्या पूर्वेला निघाल्या असताना तापी आणि तिच्या पलीकडची नर्मदा या दोघीच जवळजवळ सरळ रेषेत पश्चिमेला कशा गेल्या?

कणकेचा गोळा दोन्ही हातांनी दोन बाजूंना ओढून बघा. मधे तो पातळ होतो आणि खाली बसतो. पृथ्वीचं कवचही कधीकधी असंच ताणलं जातं. मग मधला पट्टा दोन भेगांमधून खाली खचतो. त्याला खचदरी म्हणतात. आफ्रिकेच्या पूर्व भागात अशी खचदरी आजही रुंदावते आहे. आपल्याकडे नर्मदा-तापीचा पट्टा हा असाच फार जुना कमकुवत पट्टा मानला जातो. काळ्या दगडाचा लाव्हा ओतला गेला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. त्याच्याही आधी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता. मध्य प्रदेशात बाग गावाजवळ त्या समुद्रातल्या शंख-शिंपल्यांचे दगड झालेले अवशेष आजही मिळतात. म्हणजे लाव्ह्याच्या आधीच तिथं सखल जागा होती.

आपला कन्नडचा घाट म्हणजे त्या खचदरीची भिंत, असं मात्र समजू नका. घाट झिजवण्यात पावसाचा, ओढ्यांचा मोठा हात आहे. पण घाटावरून समोर दिसणारा खानदेश आणि त्यामागचा सातपुडा हा त्या मोठ्या पट्ट्याचा भाग आहे.

मग लाव्ह्यानं सगळं झाकून टाकलं असताना खालची खचदरी ओळखायची कशी? ताणलेल्या कणकेत दोन गोष्टी होतात. वर जो खड्डा पडतो त्यात हलका गाळ साठतो, म्हणून ओढ कमी व्हायला हवी. आणि खाली कवच पातळ झाल्यामुळे जड प्रावरण वर सरकतं, म्हणून ओढ वाढायला हवी. एक कमी करतं, दुसरं वाढवतं. मग वेगळं कसं करायचं?

गोधडीखाली लाटणं ठेवा. पातळ चादर असेल तर लाटण्याचा आकार स्पष्ट उठून दिसतो. चार गोधड्या टाकल्या तर नुसता रुंद, पसरट उंचवटा राहतो. ओढीचंही तसंच आहे. वरची गोष्ट असेल तर आकडे थोड्या अंतरात झपकन बदलतात. खोलवरची असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरभर हळूहळू बदलतात. म्हणून एका जागेचा आकडा कामाचा नसतो, शेकडो जागांचा नकाशा लागतो.

हलकं पोतं आणि तीन शंका

आता खरी अडचण सांगते. समजा बाजारात मक्याची दहा पोती एकाच मापाची आहेत. नऊ सारखी भरली, एक हलकं निघालं. का? दाणे पोचट असतील. मधे भुसा भरला असेल. किंवा पोतं नीट दाबून भरलंच नसेल. काटा एवढंच सांगतो, की पोतं हलकं आहे. का हलकं आहे, ते काटा सांगत नाही.

आपल्या महाराष्ट्रात नेमकं हेच घडलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. त्यानंतर या भागाचा अभ्यास जोरात सुरू झाला. १९७३ मध्ये एन. कृष्णब्रह्मम आणि जे. जी. नेगी या शास्त्रज्ञांनी ओढीच्या नकाशावरून मांडलं, की दख्खनच्या काळ्या दगडाखाली दोन खचदऱ्या गाडल्या गेल्या आहेत. एक कोयनेच्या बाजूला, दुसरी कुर्डुवाडीच्या बाजूला. दोन्ही पट्ट्यांत ओढ कमी भरत होती. काळ्या दगडाखाली खचलेला खड्डा आणि त्यात हलका गाळ, असा त्यांचा तर्क होता.

दुसरे म्हणाले, ओढ कमी भरण्याचं कारण आणखी खाली असू शकतं. तिथं कवचच जाड असेल. कवच प्रावरणापेक्षा हलकं, म्हणून जाड कवचाच्या जागीही ओढ कमी दिसते. डोंगरांखाली असं होतं, हे इंग्रज अमलातल्या मोजणीदारांनी हिमालयाकडे मोजमाप करताना ओळखलं होतं. एवढा मोठा हिमालय, पण ओळंब्याला तो हिशेबापेक्षा कमी ओढत होता. कारण डोंगराच्या खाली हलक्या दगडाचं मूळ खोलवर गेलेलं असतं. तिसरी शंका अशी, की काळ्या दगडाखालचा जुना दगडच तिथं हलक्या जातीचा असेल.

पोतं एक, शंका तीन. मग आपण काय करतो? कलिंगड घेताना बोटानं टिचकी मारून आवाज ऐकतो. शास्त्रज्ञांनीही तेच केलं. सत्तरच्या दशकात गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन लांब रेषांवर जमिनीत लहान स्फोट करून त्यांचे धक्के दूरवर ऐकले. धक्का कोणत्या थरातून किती वेळात येतो त्यावरून थर मोजता येतात. तिथं कवच साधारण ३६ ते ४० किलोमीटर जाड निघालं.

आणि शेवटची परीक्षा? धान्याचा व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसून आतले दाणे बाहेर काढून बघतो, तशी. जमिनीत खोल भोक पाडायचं.

किल्लारीनं शिकवलेलं

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-धाराशिवच्या सीमेवरची गावंच्या गावं बसली. हजारो माणसं गेली. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. मराठवाड्याची जमीन शांत आहे, असंच सगळे धरून चालले होते.

भूकंपानंतर किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचे ३३८ मीटर काळा दगड लागला. त्याखाली जुना गाळ, पण किती? फक्त आठ मीटर. आणि त्याच्याखाली थेट फार जुना, घट्ट दगड. पुढं कोयना भागात केंद्र सरकारच्या प्रकल्पात अनेक ठिकाणी सुमारे दीड किलोमीटरपर्यंत भोकं पाडली. गोठणे इथं तर तीन किलोमीटर खाली गेले. काळा दगड कुठं चारशे मीटरच्या आसपास, कुठं साडेबाराशे मीटर. त्याखाली सरळ ग्रॅनाइटच्या जातीचा जुना दगड. गाळाचा जाड थर तिथं मिळाला नाही.

मग १९७३ चे शास्त्रज्ञ चुकले का? पोतं हलकं आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. ते का हलकं आहे याचा एक तर्क त्यांनी मांडला. नळी खुपसली त्या जागी तरी तो तर्क टिकला नाही. कुर्डुवाडीच्या पट्ट्याखाली नेमकं काय आहे, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. शास्त्र असंच चालतं. तर्क मांडायचा, आणि तो खोटा ठरू शकेल अशी परीक्षाही घ्यायची.

आपल्या उत्तरेला काय दिसलं

खानदेशात उलट घडलं. नर्मदा-तापी पट्ट्यात मध्य प्रदेशातल्या थुआदऱ्यापासून सेंधवामार्गे खानदेशातल्या सिंदाडपर्यंत अशीच धक्क्यांची चाचणी झाली. तिथं काळ्या दगडाखाली जुन्या गाळाचे जाड थर असल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे इथं झाकलेल्या खोलगट जागा खरंच असाव्यात, याला दुसरी साक्ष मिळाली.

आणखी एक गोष्ट. सातपुडा उंच आहे, म्हणून हिमालयासारखं तिथंही ओढ कमी भरायला हवी. पण धडा केल्यावर ती आजूबाजूच्या मानानं जास्तच भरते. अभ्यासक म्हणतात, लाव्हा वर आला तेव्हा सगळाच बाहेर पडला नाही. बराच जड माल कवचाच्या तळाशी आणि आत अडकून थिजला. चुलीवरचं दूध ऊतू जातं, तरी बरंच पातेल्याच्या बुडाला लागून राहतं, तसंच.

या पट्ट्यातले काही भूकंप फार खोलवर होतात. १४ मार्च १९३८ चा सातपुड्याचा भूकंप सुमारे ४० किलोमीटर खोल होता. २२ मे १९९७ च्या पहाटेचा जबलपूरचा सुमारे ३५ किलोमीटर. किल्लारीचा मात्र दहा किलोमीटरच्याही आत होता. कवचाच्या तळाशी असा जड, घट्ट दगड असेल तर तो एवढ्या खोलीवरही ताण साठवून तुटू शकतो, असं अभ्यासक मांडतात.

मग आपण काय करायचं?

पहिलं. ओढीच्या नकाशावरून भूकंप कधी येणार ते सांगता येत नाही. ‘अमुक तारखेला भूकंप आहे’ असा निरोप मोबाईलवर आला तर तो पुढं पाठवू नका. जमीन कुठं जुनी दुखावलेली आहे एवढंच हा नकाशा सुचवतो, आणि तेही दुसऱ्या साक्षीशिवाय पक्कं नाही.

दुसरं. किल्लारीत माणसं भूकंपानं कमी आणि भिंतींनी जास्त मारली. मातीत रचलेल्या दोन-तीन फूट जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, ते फाकले आणि छप्पर खाली आलं. जमिनीच्या पोटात काय आहे ते आपल्या हातात नाही, भिंत आपल्या हातात आहे. घरकुल बांधताना गवंड्याला विचारा, की दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवलाय का? दगडी भिंत असेल तर ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा दगड घातलाय का? माळवदावर दरवर्षी नवी माती चढवत राहू नका, जुनी काढून मगच टाका.

तिसरं, बोअरचं. गटाचं कर्ज काढून बोअर मारायची वेळ आली, की कुणी नारळ हातावर धरून येतो, कुणी चकचकीत यंत्र घेऊन येतो आणि ‘इथं पाणी आहे’ अशी खात्री देतो. आपल्या काळ्या दगडात पाणी असतं भेगांत, सच्छिद्र थरांत आणि वरच्या कुजलेल्या मुरुमात. कोट्यवधी रुपयांची यंत्रं वापरून, शेकडो जागी मोजून, मोठमोठ्या संस्थांनी काढलेला अंदाजसुद्धा भोक पाडल्यावर बदलावा लागला. मग एका जागी पाच मिनिटं उभं राहून दिलेल्या खात्रीला किती किंमत द्यायची? आजूबाजूच्या विहिरी-बोअरना किती खोलीवर पाणी लागलं ते लिहून काढा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा या सरकारी कार्यालयात विचारा. एकापेक्षा जास्त साक्षी मिळाल्या तरच पैसा घाला.

आणि पुढच्या वेळी ती जीप गावाबाहेर थांबली, तर घाबरू नका. जवळ जाऊन सरळ विचारा, ‘दादा, ओढ मोजताय का? आमच्या गावचा आकडा किती आला?’

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी तीन प्रश्न देते. आपल्या गावात कोणत्या घरांवर माळवदाचा भार जास्त आहे? आपल्या शिवारातल्या बोअर किती फुटांवर लागल्या, किती कोरड्या गेल्या, याची नोंद कुणाकडे आहे? आणि शेवटचा, गेल्या वर्षभरात आपण कोणत्या गोष्टीवर एकाच माणसाच्या सांगण्यावरून भरवसा ठेवला?

आता थांबते. रामराम.